भुलाबाईचं राहिलेलं घर

आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी सत्यभामाबाई ही माझी वहिनी. माझा थोरला भाऊ उद्धव, तो आता नाही, त्याची बायको. तिच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. मला ते नीट जमेल असं नाही, लिहिण्याचा माझा कधी संबंधच आला नाही. पण दुसरं कुणी लिहील असंही दिसत नाही, म्हणून बसलो आहे.

आमचं गाव डोणगावहून आत आहे. शाळा सातवीपर्यंत. शाळेच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, तिथे वहिनीची चूल. गॅस आला, पण पाऊस लागला आणि सिलिंडर संपलं की ती आजही मागे तीन दगड मांडून मोकळी होते. कुणाला विचारत नाही. तिचा स्वभावच तसा. ती विचारत नाही, करून टाकते. माझी बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वहिनीचा डबा माझ्याकडे यायला लागला. मला भूक आहे का, कोणती भाजी चालेल, हे तिने कधी विचारलं नाही. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तिने परस्पर मेहकरच्या डॉक्टरांकडून घेतली आणि मला आदल्या संध्याकाळी सांगितलं, भाऊजी, उद्या सकाळी काही खाऊ नका. मी खाल्लं नाही.

शाळेतही तेच. पोर नको म्हणायच्या आत तिचा डाव ताटात पडलेला असतो. नको म्हणणाऱ्या पोराला जास्त भूक असते असं तिचं मत आहे. बहुतेक वेळा ते खरं निघतं.

गावाच्या खालच्या अंगाला मन्यारांची गल्ली आहे. बांगड्या विकणारी मुसलमानांची घरं, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. त्या गल्लीत चौथीपर्यंत उर्दू शाळा होती. एक खोली, एक मास्तर. पट कमी झाला म्हणून ती बंद झाली. मास्तरांची बदली झाली आणि पोरांचं आमच्या शाळेत समायोजन झालं. हा शब्द मुख्याध्यापक शेखर सरांचा. वहिनी त्यांना म्हणाली, “पोरं आली म्हना ना सर. एवढं कायले फिरवून बोलता?”

पोरं आली खरी. बोलायला ती आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलत होती, त्यात थोडी उर्दू मिसळून. रस्त्यात, दुकानात काही अडत नव्हतं. पण अक्षर वेगळं. उजवीकडून लिहायची सवय. पाचवीच्या वर्गात बसलेलं पोर मराठीचं पुस्तक पहिलीतल्यासारखं बोटाने वाचायला लागलं की बाकीची हसायची. ती वहीसुद्धा मागच्या बाजूने उघडायची, म्हणून त्यांना ‘उलटी वही’ असं नाव पडलं. शेखर सरांनी एक-दोघांना उभं केलं, दम दिला. वर्गात हसणं थांबलं आणि बाहेर सुरू राहिलं.

खिचडीच्या वेळी ती पोरं भिंतीकडेला वेगळी बसायची. तिथे बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. इकडे बसा असंही कुणी म्हटलं नव्हतं. वर्ष सरायच्या आत दोन मुलगे शाळा सोडून गेले, एक मेहकरला गॅरेजमध्ये आणि एक मामाबरोबर गाडीवर. त्यांच्याविषयी शाळेत फार कुणी बोललं नाही.

राहिलेल्यांत मोठी होती तरन्नुम, लियाकत मन्यार यांची मुलगी. अंगाने काटकुळी, गणितात सगळ्यांच्या पुढे आणि वर्गात तोंडातून शब्द नाही. घरी तिची आई खैरुन आणि म्हातारी दादी. दादीचं म्हणणं होतं की शाळेत जाऊन पोरगी मुकी होत असेल तर तिथे पाठवायची कशाला. खामगावला तिची फुफी, म्हणजे आत्या, राहते, तिच्याकडे पाठवा, शिवणकाम तरी शिकेल. पोर एकदा तिकडे गेली की शिक्षण संपलं आणि दोन-चार वर्षांत लग्नाचं निघालं, हे सांगायला नको. तरन्नुम सहावीत गेली तेव्हा लियाकत शाळेत आले आणि शेखर सरांना म्हणाले, दिवाळीपर्यंत पाहतो. पोरीचं मन लागलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर खामगावला पाठवतो.

वहिनी तेव्हा दारात तांदूळ निवडत होती. तिने ते ऐकलं, आणि नेहमीप्रमाणे काम स्वतःकडे घेतलं.

तिला सुचली ती भुलाबाई. आमच्या वऱ्हाडातल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलोजी आणि भुलाबाईची मातीची जोडी मांडतात. दिवेलागणीला टिपऱ्या घेऊन जमतात आणि गाणी म्हणतात. गाणी सासरमाहेरची, रुसण्याफुगण्याची, हसवणारीही. आणि शेवटी खाऊ. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई झाकलेला डबा आणते, मुलींच्या कानाशी खुळखुळवते, आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. अलीकडे आमच्या गावात हे मागे पडलं होतं. सोयाबीनच्या सोंगणीत बायका दमून येतात, मुली मोबाइल बघतात.

वहिनीने डोणगावच्या बाजारातून भुलाबाईची जोडी आणली. शेखर सर म्हणाले, शाळेच्या वेळात नको. ती म्हणाली, शाळा सुटल्यावर घरोघर नेईन, तुमच्याकडे येतच नाही. मग तिने सहावी-सातवीच्या मुली गोळा केल्या आणि नियम सांगितला. जिच्या हातात टिपरी, तिच्या घरी एक दिवस भुलाबाई. कोणी मोठी नाही, कोणी लहान नाही. मारुतीच्या देवळापासून सुरुवात, मग गल्लीगल्लीने खाली.

तरन्नुमच्या हातात टिपरी तिनेच दिली. तिने मागितली नव्हती. पण घेतली.

त्या महिन्यात जे झालं ते मी माझ्या ओट्यावरून पाहिलं. पहिले काही दिवस ती पोर फक्त टिपरी वाजवायची. मग गाणी पाठ होऊ लागली. गाणी विसरू नयेत म्हणून तिने ती आधी उर्दूत लिहून घेतली आणि मग प्रतीक्षाच्या वहीत बघून मराठीत. प्रतीक्षा म्हणजे देवळाजवळच्या जनकाबाईंची नात, तिच्याच वर्गातली, भरपूर बोलणारी. दोघींची जोडी जमली. डब्यातला खाऊ ओळखण्यात तर तरन्नुमचा हात धरणारं कुणी उरलं नाही. बांगड्यांच्या घरातली पोर, तिचा कान तयार. डबा एकदा हलला की ती सांगायची, फुटाणे आहेत पण गूळही आहे, चिकटलेला आवाज येतो. बायकांना तिला हरवायचा नाद लागला. कुणी डब्यात कापड घालायचं, कुणी दोन डबे एकात एक. एकदा ती माझ्या ओट्यापाशी थांबली आणि समोरच्या सुधाकर हॉटेलच्या पाटीवरचं सगळं वाचून दाखवलं, ‘उधारी बंद आहे’ इथपर्यंत. मला म्हणाली, “नाना, हे लिवलं आहे तरी तुम्ही उधार कसे घेता?” पोर थट्टा करत होती. मला बरं वाटलं.

भिंतीकडेची ओळ मोडली. गल्लीतली लहान पोरं तरन्नुमच्या मागे मागे मध्ये येऊन बसू लागली. लियाकत बांगड्यांची पेटी घेऊन जाता जाता वहिनीला म्हणाले, बाई, पोरगी घरी बी गाणं म्हणून राह्यली. दादीले बी पाठ झालं. वहिनी ते सगळ्या गावाला सांगत सुटली.

वहिनीने सगळा विचार केला होता, एक सोडून. घरोघर जाणारी भुलाबाई कधीतरी मन्यारांच्या गल्लीत पोचणार, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिच्या लेखी नियम म्हणजे नियम, त्याच्या शेवटी काय आहे ते तिने पाहिलं नव्हतं. शेवटी दोन घरं उरली. गल्लीच्या तोंडाशी असलेलं डिंपलचं आणि त्याच्या आत तरन्नुमचं. खिचडी वाढताना तरन्नुमने विचारलं, “मावशी, परवा आमच्या घरी ना?” वहिनी हो म्हणून गेली.

त्याच संध्याकाळी जनकाबाईंनी तिला देवळापाशी गाठलं. जनकाबाई काही वाईट बाई नाहीत. त्यांनी तरन्नुमला आपल्या घरी खाऊ दिला होता, चांगला दोन्ही मुठी भरून. पण त्या म्हणाल्या, पोरगी आपल्याकडे आली ते ठीक, भुलाबाई तिकडे कशी नेशील? मूर्ती आहे ती. न्यायचीच असेल तर आमची प्रतीक्षा येणार नाही, आणि आमचीच नाही, अजून कोण कोण येणार नाही तेही मोजून घे.

वहिनी मेथीची जुडी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि पानं खुडत बोलू लागली. ती सल्ला मागायला आली नव्हती, स्वतःशीच बोलत होती. जनकाबाईंचं तिला फार वाटत नव्हतं, त्यांना ती दोन शब्द सुनावू शकली असती. तिला काळजी होती लियाकतची. त्यांच्यात मूर्ती चालत नाही. आपण विचारलं की त्या माणसाला उत्तर द्यावं लागेल. तो नाही म्हणाला तर गाव म्हणेल, बघा, आपण जवळ करतो, हेच दूर पळतात. हो म्हणाला तर त्याच्या घरात दादी, बाहेर जमातीचे लोक, ते त्याला खातील. म्हणजे विचारणं हेच त्याला खड्ड्यात घालणं. त्यापेक्षा प्रश्नच येऊ नये. तिने जुडी संपायच्या आत ठरवून टाकलं. उरलेली दोन्ही घरं रद्द. त्यांची भुलाबाई कोजागिरीला शाळेतच, दुधाबरोबर, सगळ्यांची मिळून. डिंपलचंही जाईल, म्हणजे एकटीचं राहिलं असं दिसणार नाही. मलाही त्या वेळी ते शहाणपणाचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मुलींना सांगितलं. तरन्नुम बरं म्हणाली. डिंपल मात्र घरी जाऊन रडली. डिंपलची आई रेवती पोरीला घेऊन वहिनीच्या दारात. तिचं बोलणं सरळ होतं. मावशी, मी अनारशाचं पीठ भिजवलं, घर सारवलं, पोरीच्या आत्याला बोलावलं. महिनाभर माझी पोर सगळ्यांच्या घरी जाऊन गाणं म्हणते आणि तिच्याच घरी नाही, हा कुठला न्याय? वहिनीला खरं कारण सांगता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, येतो, पण गाजावाजा नको.

भुलाबाई गाजावाजा केल्याशिवाय होत नाही. डिंपलच्या अंगणात टिपऱ्या वाजू लागल्या आणि त्यांचा आवाज सरळ मन्यारांच्या गल्लीत गेला. मी रेवतीच्या सासऱ्यांकडे तंबाखू खायला म्हणून बसलो होतो, म्हणून पुढचं मी पाहिलं.

तरन्नुम आली. हातात टिपऱ्या. तिला वाटलं असेल की बेत बदलला आणि आपल्याला सांगायचं राहिलं. ती दारातून आत आली, नेहमीच्या जागी, प्रतीक्षाच्या शेजारी उभी राहिली आणि गाण्यात सामील झाली. गाणं संपलं. तिने हसत विचारलं, “मग उद्या आमच्या इथं?”

वहिनी भुलाबाईपुढे बसली होती. तिने तोंड उघडलं, पण तिच्या आधी प्रतीक्षा बोलली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ऐकलेलं ती जसंच्या तसं बोलली. “तुमच्या इथं नाही जात भुलाबाई. आजी म्हने, तिथं चालत नाही. मावशीनं तुमचं घर मुद्दाम गाळलं.”

 तरन्नुमने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान खाली घातली. मी तिला इतक्या वर्षांत मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, उद्धव गेला तेव्हाही नाही.

तेवढ्यात रेवती आतून डबा घेऊन आली. तिला बाहेर काय झालं ते माहीत नव्हतं. तिने डबा खुळखुळवला आणि म्हणाली, ओळखा. मुलींनी शेव म्हटलं, चिवडा म्हटलं, शंकरपाळे म्हटलं. रेवती नाही नाही म्हणत राहिली. मग सवयीने सगळ्यांच्या माना तरन्नुमकडे वळल्या. रेवतीने डबा तिच्या कानाशी नेला आणि पुन्हा हलवला. तरन्नुमला कळलं होतं. तोंडावरून मला स्पष्ट दिसलं की तिला कळलं आहे. ती म्हणाली, “मले नाही समजत.” टिपऱ्या पायरीवर ठेवल्या आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिच्यामागे येणारी गल्लीतली लहान पोरंही आली नाहीत. खिचडी उरली. वहिनी भांडी तशीच टाकून मन्यारांच्या गल्लीत गेली आणि जाताना मला म्हणाली, भाऊजी, संगं चला. मी तिच्यामागे गेलो आणि दाराशी उभा राहिलो.

लियाकत ओट्यावर बांगड्या दोऱ्यात ओवून तोडे बांधत बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. दादी बाजेवर होती. तरन्नुम दिसली नाही. वहिनी उभ्याउभ्याच बोलायला लागली. तिने काही लपवलं नाही. जनकाबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, आणि तुम्हाला अडचणीत टाकायचं नव्हतं म्हणून तुमचं घर सोडलं, तुमच्याच भल्यासाठी, असं म्हणाली.

लियाकतचे हात थांबले नाहीत. खाली बघूनच ते म्हणाले, “बाई, माझी अडचण तुम्ही मले विचारली का?”

त्यांनी एका तोड्याची गाठ मारली.

“मी नाही म्हनलो असतो त ते माझं नाही असतं. गावानं मले बोल लावला असता, मी ऐकला असता. अम्मी हो म्हनली असती त ते तिचं हो असतं. तुम्ही आमचं हो बी घेतलं अन् नाही बी घेतलं. आता आमच्यापाशी काय राह्यलं?”

मग खैरुन आतून एक डबा घेऊन आली. तो तिने वहिनीपुढे ठेवला. रागाने नाही, नुसता ठेवला. आत खजूर होते. बिया काढून आत एकेक शेंगदाणा भरलेला. खैरुन म्हणाली, ही युक्ती तरन्नुमनंच काढली. डबा हलवला की शेंगदाण्यासारखा आवाज नाही येणार, खजुरासारखा बी नाही येणार, कोणीच ओळखणार नाही म्हणे. शेंगदाणे भरायला दादी बसली होती काल सकाळपासून, तिला नीट दिसत नाही तरी. मूर्ती उंबऱ्याच्या आत नाही, ओट्यावर बसवायची, पोरींनी अंगणात गाणं म्हणायचं, एवढं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. दोन दिवस त्यावर घरात बोलणं चाललं होतं. दादी आधी नाही म्हणाली, मग ओट्यापर्यंत कबूल झाली. तुम्ही रद्द केलं म्हनून पोरगी सांगत आली, तवा आम्ही डबा ठेवून दिला, कोजागिरीले शाळेत नेऊ म्हनून.

वहिनीने हात जोडले. चुकलं, म्हणाली. आणखी एक दिवस आहे, उद्या आणते भुलाबाई, कोणी येवो न येवो, मी एकटी घेऊन येते.

“नहीं बाई,” दादी बाजेवरून म्हणाली. “अब नहीं. हमारे दर पे खैरात नको. लडकी खामगाव जाती.”

आम्ही परत निघालो. वहिनी माझ्या ओट्याशी आल्यावर खाली बसली, जमिनीवरच. आणि मग तिने मला एक सांगितलं, जे मला कधी माहीत नव्हतं. उद्धव गेला त्यानंतर लियाकत बांगड्यांची हाक तिच्या दारात द्यायचे बंद झाले. शेजारच्या दारापर्यंत ओरडत यायचे, तिच्या दारावरून मुक्याने पुढे जायचे आणि पलीकडे गेल्यावर परत ओरडायचे. तिला दुखू नये म्हणून.

“त्या माणसाचं मन चांगलं होतं, भाऊजी. पण मी आत बसून ऐकत राहो. आवाज बंद व्हायचा तवा मले समजे, आता माझं दार आलं. त्याच्यापेक्षा तो ओरडला असता त बरं झालं असतं.” मग ती म्हणाली, “मले हे मालूम होतं. मालूम असून मी तेच केलं.”

मी पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही.

कोजागिरीला शाळेत दूध झालं. गाणी झाली, पण मुली अर्ध्यातच विसरत होत्या, कारण गाणी पाठ असणारी आली नव्हती. प्रतीक्षा एका कोपऱ्यात बसून होती. तिने आजीशी बोलणं टाकलं होतं असं नंतर कळलं. जनकाबाई मला म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. मी तंबाखू मळत राहिलो, मला तसं पटकन बोलता येत नाही.

शेखर सर दोनदा लियाकतांकडे जाऊन आले. नियम सांगितले, हजेरीचं सांगितलं, मुलींसाठीच्या सवलती सांगितल्या. लियाकतांनी त्यांना चहा दिला आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले. खामगावच्या फुफीला निरोप गेला आहे असं गल्लीतून कळत होतं. वहिनी त्या दिवसांत खिचडी करायची, वाढायची, पण पोराने नको म्हटलं की डाव मागे घ्यायची. पोरांना ते विचित्र वाटायचं. एक पोरगी मला म्हणाली, मावशीची तब्येत बरी नाही का?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या. पहिल्या दिवशी तरन्नुम आली नाही. त्यानंतर दोन दिवसांनी आली, गल्लीतल्या लहान पोरांना दोन्ही हातांना धरून. वहिनी बाजारात खैरुनला भेटली तेव्हा कळलं, फुफीकडे जायची पिशवी भरून ठेवलेली होती. पोरीने ती रिकामी केली आणि कपडे परत खुंटीवर टांगले. बापाला म्हणाली, मले शाळेत जायचं आहे, भुलाबाईत नाही. दादीने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला आणि मग तिनेच तिची वेणी घातली.

ती आली म्हणून आम्हाला बरं वाटलं. पण खिचडीच्या वेळी ताट घेऊन ती भिंतीकडे गेली. लहान पोरं तिच्यामागे गेली. प्रतीक्षा एकदा ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली, तर तरन्नुम तिथून उठली नाही, पण बोललीही नाही. वर्षभर ते तसंच राहिलं. अभ्यासात ती पुढे गेली, मराठीत प्रतीक्षाच्याही पुढे. शेखर सर बैठकीत सांगतात की उर्दू शाळेतून आलेल्या मुलांची प्रगती उत्तम आहे. ते खोटं नाही. वहिनी ऐकते आणि भांडी घासायला निघून जाते.

यंदा भादव्याच्या आधी मुली तिच्यामागे लागल्या. मावशी, भुलाबाई कधी? ती म्हणाली, अजून आणायची की नाही ते ठरलं नाही. आणि बाजारात जायच्या आधी ती मन्यारांच्या गल्लीत गेली. या वेळी एकटी गेली. आल्यावर तिने मला जे सांगितलं तेच लिहितो.

ती लियाकतना म्हणाली, विचारायला आली आहे. घरोघर न्यायची झाली तर तुमच्या घरी आणायची का? नाही म्हणालात तरी चालेल. जनकाबाईंनाही विचारून आली आहे, त्या नाही म्हणाल्या, तेही सांगते.

लियाकतांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग आत हाक मारली, “तरन्नुम, बाई काय विचारून राह्यली, तूच सांग.”

ती बाहेर आली. ओढणी नीट केली. विचार करून म्हणाली, “नको. या वर्षी नको.”

वहिनी बरं म्हणाली आणि उठली. तेव्हा दादीने तिला खाली बसवलं आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. निघताना तरन्नुम गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यासोबत आली आणि तिथे म्हणाली, “पुढच्या वर्षी विचारजो.”

एक घर सोडून बाकीच्यांकडे न्यायची नाही असं वहिनीने ठरवलं, म्हणून यंदा भुलाबाई कुणाच्याच घरी गेली नाही. एका घरासाठी सगळ्या गावाची रीत मोडली, असं बायका वहिनीला तोंडावर म्हणतात. रेवतीही म्हणते. वहिनी उलटून बोलत नाही. नाही ऐकून आल्यापासून ती बरी दिसते की आणखी खचली आहे, हे मला नीट सांगता येत नाही.

तरन्नुम सातवीत आहे, रोज येते. पुढच्या वर्षी आठवी, आणि आठवी आमच्या गावात नाही. त्यासाठी एसटीने डोणगावला जावं लागतं. लियाकतांच्या घरी त्यावर बोलणं सुरू आहे, दादी अजून खामगावचंच नाव घेते. काल वहिनी म्हणाली, मी डोणगावच्या शाळेत जाऊन नाव घालून येऊ शकते, तिथला शिपाई माझ्या माहेरचा आहे. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “नाही जात, भाऊजी. त्यायले ठरवू द्या.” आणि माझा डबा ठेवून, उद्या भाजी काय करू असं विचारून गेली.